दुपारच्या डुलकीत जेवू घालणारी राजव्वा

भुताखेतांच्या गोष्टी मी आयुष्यभर हसण्यावारी नेल्या. वर्गातल्या पोरांनी चिंचेखालच्या बाईची भीती घातली, तर मी मुद्दाम त्याच चिंचेखाली डबा खायला बसायचो. त्यामुळे या सदरात माझं नाव पाहून माझे जुने विद्यार्थी चमकतील... चमकू देत. वय नव्वदीला टेकलंय, आता कोणाला काय वाटेल याचं टेन्शन घ्यायचं कशाला? मी सांगतोय, नात टाईप करतेय. मधेमधे ती "आजोबा, खरंच?" असं विचारते. खरंच.

छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. आदिलाबाद जिल्ह्यात तलमडुगुजवळच्या एका गावात मी प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. गाव सगळं मराठी. कापूस आणि ज्वारी, दुसरं पीक नाही. शाळा म्हणजे टिनाचं छप्पर, पुढे ओसरी, ओसरीपुढे एक कडुनिंब. आम्ही दोघं मास्तर – मी आणि हेडमास्तर. घरी मी आणि माझी माय. वडील मी लहान असतानाच गेले होते.

आमच्या भागाची गंमत अशी, की आम्ही जागचे हललो नाही, पण राज्यं बदलत राहिली. आधी निजाम, मग पोलीस ॲक्शन, मग हैदराबाद स्टेट, आणि आता राज्यांची फेररचना झाली तेव्हा आम्ही आंध्र प्रदेशात. तिकडे किनवट मुंबई राज्यात गेलं, आणि आम्ही इकडे. कचेरीत सगळे आधी उर्दू बोलायचे, ते आता तेलुगू बोलू लागले. आणि एक दिवस आमच्याकडे ऑर्डर आली – मास्तरांनी तेलुगूची परीक्षा द्यायची. तोंडी. निर्मलला. पास झाला तर नोकरी कायम.

नापास झाला तर काय, ते ऑर्डरमध्ये लिहिलं नव्हतं. तेच जास्त भीतीचं होतं.

मला तेलुगू येत नव्हती. मराठी आणि उर्दूत शिकलेला माणूस मी. तेलुगूचं पहिलीचं पुस्तक आणलं, तर ती गोल गोल अक्षरं मला सगळी सारखीच दिसायची. सकाळी पाठ केलेलं दुपारी साफ पुसलेलं. जेवण जाईना, रात्री डोळ्याला डोळा लागेना. रोज तोच विचार... नोकरी गेली तर मायला काय सांगायचं? तिनं दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून मला शिकवलं होतं. लग्नाची बोलणी सुरू होती, तिकडचे लोकही विचारायचे, "जावईबापू कायम झाले का?"

हेडमास्तर जुन्या वळणाचे, उर्दूत मुरलेले. ते म्हणायचे, "अरे भाई, इम्तेहान आहे, फाशी नाही. एवढा काऊन सुकून राह्यला?"

ते स्वतः दोन-चार वर्षांत रिटायर होणार होते, त्यांना सूट होती. त्यांचं काय जातंय!

रात्री झोप नाही म्हणून दुपारच्या सुट्टीत ओसरीवर पोत्यावर आडवं व्हायचो. तिथंच ती पहिल्यांदा आली.

म्हणजे, मीच गेलो. स्वप्नात मी एका अंगणात उभा होतो. भिंती चुन्याच्या, त्यावर गेरूचे उभे पट्टे. दार निळं. कोपऱ्यात सीताफळाचं झाड आणि झाडाखाली पाण्याचं मातीचं मोठं भांडं, कमरेएवढं, त्याच्या काठाचा एक टवका उडालेला. एक म्हातारी बाई उंबऱ्याशी बसली होती. काळीसावळी, ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू. मला बघून म्हणाली, "रा बिड्डा, कूसो."

मला काही कळलं नाही. तिनं हात धरून मला खाली बसवलं आणि परत म्हणाली, "कूसो!" मग माझ्या तोंडाकडे बघत थांबली... मी "कूसो" म्हटल्यावरच सोडलं. ताटात ज्वारीची भाकरी आणि लाल चटणीसारखं काहीतरी ठेवलं, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तोक्कु." मी म्हटलं, "तोक्कु." मग म्हणाली, खा.

शाळेची घंटा झाली, मी जागा झालो. आणि काय सांगू – जिभेवर आंबट-तिखट चव. नाकातून पाणी येईल इतकं तिखट. हेडमास्तर समोर बसले होते, म्हणाले, "झोपेत मचमच काय करून राह्यला? लाडू खाल्ला काय?"

पहिल्या दिवशी मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी तेच अंगण. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज ती काहीतरी नवं म्हणायला लावायची. चुकलं की मान हलवायची, "गट्ल गादु!" – तसं नाही! मी विचारायचो, "मरि एट्ल?" – मग कसं? हे "मरि एट्ल" मी कुठे शिकलो, देवाला माहीत. पुस्तकात तर नव्हतं. शेवटी पोटभर जेवण झालं की मी माझ्या भाषेत म्हणायचो, "पोट भरलं वो माय." तेव्हा ती हसायची, आणि निघताना प्रत्येक वेळी म्हणायची, "पैलं, बिड्डा."

एकदा मी तलमडुगुच्या बाजारात गूळ घ्यायला गेलो, तिथल्या तेलुगू दुकानदाराला सहज विचारलं, "शेट, पैलं म्हणजे काय हो?"

त्यानं तराजू खाली ठेवला. "मास्टरजी, ये कहाँ सुना?"

"असंच. कोणीतरी बोललं."

"हमारी नानी बोलती थी. निर्मल तरफ की थी. मतलब – सँभल के जा, बेटा."

मी गूळ न घेताच घरी आलो. कारण तोवर मी स्वतःला समजावत होतो, की हे सगळं आपल्या डोक्यातलं आहे. डोक्यात नसलेला शब्द डोक्यातून कसा येईल?

त्यानंतर प्रकार वाढला. डुलकीपुरतं असलेलं हे प्रकरण जागेपणी यायला लागलं. विशेषतः परीक्षेची आठवण झाली, की हमखास. एकदा फळ्यावर पाढे लिहीत होतो, मनात निर्मलचा विचार आला, आणि फळ्याच्या जागी चुन्याची भिंत, त्यावर गेरूचे पट्टे! मागून स्पष्ट आवाज, "गट्ल गादु!" मी खडू हातात धरूनच मागे वळलो आणि मोठ्यांदा विचारलं, "मरि एट्ल?"

समोर माझी पोरं. मग सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मरि एट्ल!" आणि हसून हसून बाकांखाली. दुसऱ्या दिवसापासून गावात मी दिसलो, की झाडावरून, गोठ्यातून, कुठूनही आवाज यायचा – "मरि एट्ल!"

माय मात्र हसत नव्हती. कारण मी संध्याकाळी जेवत नव्हतो. भूकच नसायची. पोट खरोखर भरलेलं असायचं.

"काऊन अर्धी भाकर ठेवली?" ती विचारायची. "बीमार हायेस काय?"

शेवटी मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल, कोणा भगताकडे नेईल. तिनं सगळं ऐकून घेतलं, चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि विचारलं, "चांगलं जेवू घालते काय ते?"

"हो."

"माह्या हातच्या परीस चांगलं?"

आता याला काय उत्तर देणार! मी म्हटलं, "तिखट असते माय, लई तिखट."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. पण दोन दिवस माझ्याशी घुश्श्यातच बोलत होती. अमानवीय प्रकार वगैरे तिच्या डोक्यातच नव्हतं. आपल्या पोराला परकी बाई रोज जेवू घालते, हे तिला लागलं होतं.

परीक्षेला निघालो त्या सकाळी तिनं धपाटे आणि जवसाची चटणी बांधून दिली. बैलगाडी हलली तशी मागून ओरडली, "अन् थे बाई भेटली तं सांगजो तिले – पोराले माय हाय म्हणा!"

आदिलाबादहून मोटारीनं निर्मल. त्याआधी मी निर्मलला कधीच गेलो नव्हतो, हे मुद्दाम सांगतो. आमची सगळी सोयरीक पैनगंगेच्या बाजूला, खाली गोदावरीच्या बाजूला आमचं कोणी नव्हतं.

एका शाळेत परीक्षा होती. टेबलामागे दोन साहेब. एक समुद्रकाठच्या आंध्रातले – चष्मा, इस्त्रीचं धोतर, चेहऱ्यावर हसू नाही. दुसरे तिथलेच, स्थानिक. माझं नाव पुकारलं. मी आत गेलो, आणि मेंदू रिकामा झाला. एक अक्षर आठवेना. चष्म्यातले साहेब काहीतरी म्हणाले, मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

आणि त्यांच्या खुर्चीमागे ती उभी होती.

डोळे उघडे होते माझे, भर दिवसा, खिडकीतून ऊन आलेलं. ती कमरेवर हात ठेवून उभी, रोजच्यासारखीच माझ्या तोंडाकडे बघत. म्हणाली, "कूसो बिड्डा, भयमेन्दुकु?" बस बाळा, भितोस कशाला? आता रोजची सवय – ती म्हणणार, मी तिच्यामागून म्हणणार. मीही खणखणीत आवाजात म्हटलं, "कूसो बिड्डा, भयमेन्दुकु?"

चष्म्यातल्या साहेबांना! पन्नाशीच्या, इस्त्रीच्या धोतरातल्या साहेबांना मी बाळा म्हणालो होतो आणि भिऊ नको, बस, म्हणून धीर दिला होता.

साहेबांनी चष्मा काढला. मी मनात मायची माफी मागितली... आणि एवढ्यात स्थानिक साहेब जे हसत सुटले, ते टेबलावर डोकं ठेवून. चष्मेवाल्यांनीही मग तोंडावर रुमाल धरला. त्यानंतर माझी जीभ मोकळी झाली. ते विचारत गेले, मी बोलत गेलो – घराबद्दल, शाळेबद्दल, पिकापाण्याबद्दल. कोणी मागून सांगत नव्हतं, ती केव्हाच दिसेनाशी झाली होती. मीच बोलत होतो.

शेवटी चष्मेवाले साहेब म्हणाले, "तुमची भाषा पुस्तकातली नाही. काही शब्द तर मलाही कळले नाहीत. कोणाकडे शिकलात?"

स्थानिक साहेब मध्येच म्हणाले, "सर, मी सांगतो. हा माणूस आमच्या निर्मलच्या एखाद्या म्हातारीकडे शिकलाय. अगदी माझ्या आजीसारखा बोलतो!"

दोघांनी मला पास केलं. तिथंच सांगितलं.

बाहेर आलो तर आनंदानं काय करू आणि काय नको. मोटारीला वेळ होता, म्हणून गावात भटकायला निघालो. बाजार ओलांडला, तळ्याच्या बाजूनं एक गल्ली लागली. हातमागांचा खटखट आवाज येत होता. गल्लीच्या वळणावर मी थबकलो.

चुन्याची भिंत. गेरूचे उभे पट्टे. निळं दार, अर्धं उघडं. आत सीताफळाचं झाड आणि त्याखाली काठाचा टवका उडालेलं ते मातीचं भांडं.

अंगावर काटा आला म्हणतात ना, तो मला त्या दिवशी कळला. पळून जावंसं वाटलं. पण आतून आवाज आला, "रा बिड्डा. आज उशीर केलास."

(इथून पुढे बोलणं तेलुगूत झालं, मी मराठीत सांगतो.)

ती उंबऱ्याशीच बसली होती. तेच कुंकू, तोच ठेंगणा बांधा. मला बघून तिला जराही नवल वाटलं नाही. उठली, आत गेली, भाकरी आणि तोक्कु घेऊन आली. मी नुसता उभा. तिनं नेहमीसारखा माझा हात धरला मला खाली बसवायला – माझा हात घामानं ओला होता – आणि नेमकं त्याच वेळी शेजारची बाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, "राजव्वा, पाहुणे कोण गं?"

राजव्वानं माझ्या हाताकडे पाहिलं. शेजारणीकडे पाहिलं. परत माझ्याकडे. आणि ताट हातातून खाली पडलं.

तोवर ती बिचारी समजत होती, की तिला रोजच्यासारखं स्वप्नच पडतंय!

मग आम्ही दोघंही मटकन खाली बसलो. कोण कोणाला भूत समजत होतं, सांगता यायचं नाही. ती माझा दंड चिमटून बघत होती, मी तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकत होतो. शेजारणीनं दोघांना पाणी आणून दिलं. थोड्या वेळानं राजव्वाच बोलली. म्हणाली, तिचा एकुलता एक मुलगा सोलापूरला गिरणीत कामाला गेला होता. तिकडे सगळे मराठी बोलणार, पोराला भाषा येत नाही, भूक लागली तर मागेल कसा, कोण त्याला ये, बस, म्हणेल – या काळजीनं तिला रात्र रात्र झोप नव्हती. दुपारी उंबऱ्याशी बसल्या बसल्या डोळा लागायचा, आणि एक काटकुळा मराठी पोरगा दारात येऊन उभा राहायचा. घाबरलेला. एक शब्द न येणारा.

"मी म्हटलं, याला इथं मी जेवू घालते," राजव्वा म्हणाली. "म्हणजे तिकडे माझ्याला कोणीतरी घालेल."



मग ती म्हणाली, "पण एक सांग. तू रोज जाताना म्हणायचास ते काय?" आणि तिनं मराठीत, थेट माझ्या चालीवर म्हणून दाखवलं – "पोट भरलं वो माय."

त्या बाईला मराठीचा एक शब्द येत नव्हता. शेजारीण साक्षीला होती.

मी अर्थ सांगितला, तेव्हा ती पदरात तोंड लपवून रडली, आणि रडतारडताच हसायला लागली. मी मायचा निरोपही दिला, घाबरतघाबरत. तिनं तो नीट ऐकून घेतला. म्हणाली, "बरोबर आहे तिचं. तिला सांग, तुझं पोर तुला परत दिलं." आणि मायनं दिलेले धपाटे मी तिच्या पुढ्यात ठेवले, ते तिनं सगळे खाल्ले. जवसाची चटणी अळणी आहे म्हणाली. हे मी मायला सांगितलं नाही.

त्या दिवसानंतर ते स्वप्न पडलं नाही. जागेपणीही काही दिसलं नाही. मला वाटतं भीतीच संपली, माझीही आणि तिचीही.

माझा पुतण्या मेंदूचा डॉक्टर आहे. तो म्हणतो, "काका, फार काळजी असली की झोप उथळ होते, स्वप्नं ठसठशीत पडतात, त्यांचे तुकडे जागेपणी दिसतात, ऐकू येतात. लहानपणी बाजारात कुठेतरी तेलुगू कानावर पडली असेल, ती सबकॉन्शसमधून वर आली." मला हे पटतं. माझ्या बाजूचं सगळं पटतं. मग मी विचारतो, "आणि राजव्वाचं काय? ते अंगण? ते पोट भरलं वो माय?" तेव्हा तो मोबाईल बघायला लागतो.

राजव्वाकडे मी पुढे पुष्कळदा गेलो. लग्नानंतर बायकोला घेऊन गेलो, मायलाही घेऊन गेलो. माय आणि राजव्वा एकमेकींची भाषा न कळता अख्खी दुपार बोलत बसल्या आणि तक्रारी बहुतेक माझ्याच असाव्यात. एका दिवाळीला गेलो, तर तिचा मुलगा सोलापूरहून आलेला. काटकुळा, भुकेला पोरगा मनात धरून गेलो होतो... दारात चांगला गोलमटोल गडी उभा! गाल वर आलेले, सदऱ्याची बटणं ताणलेली. मला बघून मराठीत म्हणाला, "या या, बसा. जेवून जा."

राजव्वानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हाही तसाच काडी होतो. कपाळाला हात लावून म्हणाली, "इतके दिवस खायला घातलं याला, आणि अंगाला लागलं त्याला!"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. पण नंतर मोटारीत बसल्यावर मला वाटलं, ती चेष्टेत जे बोलून गेली, त्याच्यापेक्षा बरं स्पष्टीकरण मला कोणी दिलेलं नाही. अजूनही दिलेलं नाही.